नावाचा सातबारा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त पाचोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हृद्य आढावा घेतला. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. संगणकाच्या महाजालावर जी नावे वापरली जातात, ज्यांना आपण डोमेन नावे म्हणतो, त्यांची जाहीर नोंद कोठे असते आणि ती कशी पाहावी, हा तो विषय. मी संगणकाचा पंडित नाही. माझे आयुष्य रोजमेळ आणि खतावणी लिहिण्यात गेले. नोंदवही पाहिल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू नये आणि नोंदवही पाहिल्याशिवाय कोणावर संशयही घेऊ नये, एवढे मात्र त्या व्यवसायाने मला शिकवले. त्याच शिदोरीवर आज मी आपल्यासमोर उभा आहे.

२०१९ सालच्या पर्युषणातील एक सकाळ मला आठवते. प्रवचन आटोपून मी स्थानकाबाहेर चपला घालत होतो, तोच सुरतेहून पुतण्याचा फोन आला. तो म्हणाला, "काकासा, आपल्या ट्रस्टची वेबसाइट उघडून पाहा. तिथे पत्त्यांचा जुगार चालला आहे." मला वाटले, मुलाची काही गफलत झाली असेल. घरी येऊन पाहिले, तर खरोखरच आपल्या ट्रस्टच्या नावाखाली परदेशी जुगाराचे रंगीबेरंगी पान उघडत होते. तेच नाव आपल्या पावती पुस्तकांवर, पत्रव्यवहाराच्या कागदांवर आणि चातुर्मासाच्या पत्रिकेवर छापलेले होते.

आमचा पहिला तर्क असा, की कोणीतरी संगणकात घुसून चोरी केली. पोलिसांत जाण्याची भाषाही झाली. तेव्हा एका तरुणाने सांगितले, "आधी नोंद तर पाहू." त्याने दोन मिनिटांत नोंद काढून दाखवली. नोंदणीचा दिनांक अवघ्या बारा दिवसांपूर्वीचा होता. आपण ज्या नावाला दहा वर्षे आपले समजत होतो, ते जगाच्या वहीत बारा दिवसांचे बाळ होते! चोरी झालीच नव्हती. आपल्या नावाची मुदत संपली होती, आणि सुटलेले नाव दुसऱ्याने रीतसर पैसे भरून उचलले होते.

पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. २००९ साली आपल्याच समाजातील एका होतकरू मुलाने हे नाव घेतले होते. उत्साहाच्या भरात त्याने दहा वर्षांचे पैसे पदरचे भरले, परंतु नोंद केली स्वतःच्या नावाने, आणि संपर्कासाठी दिला आपल्या महाविद्यालयाचा ई-मेल. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तो ई-मेल बंद पडला. नोंदणी करून देणाऱ्या कंपन्यांनी मुदतीपूर्वी सुमारे एक महिना, मग एक आठवडा, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना पाठवाव्यात, असा नियम आहे. त्या पाठवल्या असतील, तरी त्या बंद ई-मेलवरच गेल्या असणार. मे महिन्यात संकेतस्थळ बंद पडले. ऑगस्टपर्यंत आपल्यापैकी एकालाही ते कळले नाही, कारण पर्युषणाखेरीज आपण ते उघडतच नव्हतो. त्या मुलाचा यात काहीही अपराध नाही, हे मी मुद्दाम या व्यासपीठावरून सांगतो. त्याने आपले काम केले. आपण मात्र वहीत पाहिले नाही.

आता हे डोमेन नाव म्हणजे काय, ते पाहू. महाजालावरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. असे आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी नाव वापरण्याची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने १९८३ साली मांडली. आपल्या बाजारपेठेत 'महावीर' नावाची पाच दुकाने सुखाने नांदू शकतात. एक किराण्याचे, एक कापडाचे, एक भांड्यांचे. महाजालावर मात्र एक नाव एकाच धन्याचे. जगभर जैन कुटुंबे लाखोंनी आहेत, परंतु 'जैन्स डॉट कॉम' हे नाव एकच, आणि ते आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनकडे आहे. जो प्रथम येईल आणि वेळेवर पैसे भरत राहील, त्याचे नाव. येथे 'भरत राहील' हे शब्द महत्त्वाचे. डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांच्या मुदतीने मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. आपण ज्याला मालकी समजतो, तो वस्तुतः भाडेपट्टा आहे.

भाडेपट्टा म्हटला की नोंद आली. शेतीची नोंद गाव नमुना सात-बारावर असते. आपल्या ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील सार्वजनिक नोंदवहीत असते. तशीच डोमेन नावांची नोंदवही आहे. तिचा इतिहासही मनोरंजक आहे. महाजालाच्या बाल्यावस्थेत, अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या विदुषींच्या देखरेखीखाली संगणकजाळ्यातील यंत्रांची आणि माणसांची सूची ठेवली जाई. कोणते यंत्र कोणाकडे आहे, बिघाड झाल्यास कोणाला विचारायचे, यासाठी ती सूची. ती संगणकावरूनच पाहता यावी म्हणून १९८२ साली एक पद्धत ठरली आणि तिला नाव मिळाले 'हू-इज', म्हणजे 'कोण आहे?'. आपल्या अहिराणीत सांगायचे तर 'कोन शे?'. दार वाजले की घरातील आजी जो प्रश्न विचारते, तोच हा प्रश्न.

पुढे व्यवहार वाढला. १९९८ साली 'आयकॅन' ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली आणि जगभरातील नावांची व्यवस्था तिच्या देखरेखीखाली आली. प्रत्येक शेवटच्या अक्षरगटाची मूळ वही एक संस्था सांभाळते. 'डॉट कॉम'ची वही व्हेरिसाइन या कंपनीकडे, 'डॉट ऑर्ग'ची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे. आपल्या देशाच्या 'डॉट इन'ची वही प्रारंभी मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. त्या काळी नियम कडक असल्यामुळे २००४ अखेरपर्यंत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ च्या जानेवारीपासून हे काम 'निक्सी' या संस्थेकडे आले, नियम सैल झाले आणि सामान्य माणसाला हे नाव मिळू लागले. २०१४ साली 'डॉट भारत' हे देवनागरी नामगट सुरू झाले. आता नाव मराठीतही घेता येते. आपण मात्र थेट वही सांभाळणाऱ्या संस्थेकडे जात नाही. मधल्या अधिकृत नोंदणी कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे पैसे भरतो आणि ती कंपनी मूळ वहीत नोंद चढवते.

ही नोंद पाहणे अगदी सोपे आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' अशा नावांसाठी आयकॅनचे 'लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग' हे पान आहे. 'डॉट इन'साठी 'रजिस्ट्री डॉट इन' येथे सोय आहे. चौकटीत केवळ नाव टाकावे. पुढे-मागे काही जोडू नये. क्षणात उतारा समोर येतो. तो इंग्रजीत असतो, पण घाबरण्याचे कारण नाही. त्यातील पाच रकाने वाचता आले तरी पुरे.

पहिला रकाना नोंदणीच्या दिनांकाचा. नाव केव्हा जन्मले, ते यातून कळते. दुसरा मुदत संपण्याच्या दिनांकाचा. हा दिनांक घरच्या विम्याच्या हप्त्याप्रमाणे दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. तिसरा रजिस्ट्रारचा, म्हणजे नूतनीकरणाचे पैसे कोणत्या कंपनीकडे भरायचे आणि तक्रार कोणाकडे करायची, याचा. चौथा धारकाचा. त्यात 'संस्था' असा एक पोटरकाना असतो, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. पाचवा स्थितीचा. त्यात 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असे शब्द दिसले की पुष्कळजण दचकतात. वस्तुतः ते कुलूप आहे, परवानगीवाचून नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवता येऊ नये म्हणून लावलेले. 'रिडेम्प्शन पिरियड' असे दिसले तर मात्र खरोखर धावपळ करावी. 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑर्ग' नावाची मुदत संपल्यावर कंपनीच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवस ते सहज परत घेता येते. नंतरचे ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येते. शेवटचे ५ दिवस कोणाच्याच हाती काही नसते. त्यानंतर ते जगाला मोकळे. आपले नाव मे महिन्यात संपले आणि ऑगस्टमध्ये परक्याच्या हाती गेले, ते याच हिशेबाने. त्यांतील पहिल्या ७५ दिवसांत एकदा जरी आपण हा उतारा काढला असता, तरी नाव वाचले असते.

येथे आपण विचाराल, "त्या जुगारवाल्याचे नाव कळले का?" नाही कळले. हा या विषयाचा दुसरा पैलू आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. पूर्वी धारकाचे नाव, घरचा पत्ता, दूरध्वनी, ई-मेल सारे काही त्या उताऱ्यात उघडे असे. जगातील कोणीही ते पाहू शके. त्याचा उपयोग झाला, तसा उपद्रवही झाला. नवे नाव नोंदवले की दुसऱ्या दिवसापासून जाहिरातदारांचे आणि ठगांचे फोन सुरू होत. २०१८ च्या मे महिन्यात युरोपात खासगी माहितीच्या रक्षणाचा कडक कायदा अमलात आला. त्याच सुमारास आयकॅनने नियम बदलले आणि व्यक्तीचे नाव, पत्ता, दूरध्वनी झाकले जाऊ लागले. २०२५ च्या जानेवारीत 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी जुन्या 'हू-इज' पद्धतीची सक्तीही संपली आणि तिच्या जागी 'आरडॅप' ही नवी पद्धत आली. पाहणाऱ्याच्या दृष्टीने फरक थोडा; आत मात्र कोणाला किती माहिती दाखवायची, याची वर्गवारी करता येते. पोलीस, न्यायालय किंवा ज्याचा हक्क दुखावला आहे अशी व्यक्ती रजिस्ट्रारकडे कारण देऊन झाकलेली माहिती मागू शकते. आपल्या देशातही २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. 'डॉट इन'च्या बाबतीत दुसऱ्याच्या आडून नाव घेण्याची मुभा नाही आणि धारकाची ओळख पडताळली जाते. उताऱ्यात मात्र तेथेही व्यक्तीचा तपशील झाकलेला दिसतो.

हे झाकणे मला अन्यायाचे वाटत नाही. घरातील लेकीसुनेने स्वतःच्या छोट्या व्यवसायासाठी नाव घेतले, तर तिच्या घरचा पत्ता साऱ्या जगाने का पाहावा? परंतु व्यक्ती आणि संस्था यांत भेद आहे. जी संस्था लोकांकडून दान घेते, तिने आपले नाव झाकून ठेवू नये. आपल्या विश्वस्तांची नावे धर्मादाय कार्यालयात कोणीही पाहू शकतो आणि त्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही. मग महाजालावरील नोंदीत संस्थेच्या रकान्यात ट्रस्टचे पूर्ण नाव असावे, यात संकोच कसला?

कायद्याचे म्हणाल, तर या बाबतीत आपल्या उच्च न्यायालयाचा मोठा वाटा आहे. 'रेडिफ' या मुंबईच्या कंपनीच्या नावात एकच अक्षर बदलून दुसऱ्या कोणी 'रॅडिफ' नाव घेतले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रतिवादींनी आपल्या नावाची वेगळीच व्युत्पत्ती सांगितली; न्यायालयाला ती पटली नाही. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने १९९९ साली मानले. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावांना असे संरक्षण लागू होते, हे स्पष्ट केले. 'डॉट इन'च्या वादांसाठी लवादाची व्यवस्था आहे. तेव्हा दाद मागता येते. मात्र ती स्वस्त नाही. 'डॉट ऑर्ग'सारख्या एका नावासाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर दाद मागायची, तरी शुल्कच १,५०० अमेरिकन डॉलर. शिवाय समोरच्याने दुष्ट हेतूने नाव घेतले, हे आपण सिद्ध करायचे. आपणच सोडून दिलेल्या नावासाठी एवढा खर्च करणे विश्वस्तांना योग्य वाटले नाही. आपण नवे नाव घेतले आणि कार्यालयात बसून एकेका पावतीवर जुन्या नावावर रबरी शिक्का मारला. त्या दिवशी हात दुखले, त्याहून अधिक मन दुखले.

आता दानाविषयी. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निधीची घोषणा होताच, अवघ्या काही दिवसांत एका अक्षराच्या फरकाने बनावट यूपीआय पत्ते तयार झाले आणि पोलिसांना लोकांना सावध करावे लागले. पंतप्रधानांच्या नावाने असे होऊ शकते, तर गोशाळेच्या, पाठशाळेच्या, चातुर्मासाच्या नावाने का होणार नाही? आपल्या वडीलधाऱ्यांच्या पेढीवर शाहजोग हुंडी येत असे. ती कोणाही आणणाऱ्याला दिली जात नसे. बाजारात पत असलेल्या 'शाहा'लाच रक्कम मिळे, आणि मुनीमजी आधी चौकशी करत, हुंडी आणणारा कोण, कोठला, त्याला ओळखणारे कोण. चौकशी न करता रक्कम दिली, तर जोखीम देणाऱ्याची. मोबाइलवर बोट टेकवून आपण आज जे दान पाठवतो, ते अशी कोणती चौकशी करून पाठवतो?

म्हणून माझी विनंती अशी. दानाची मागणी करणारे एखादे अपरिचित संकेतस्थळ समोर आले, तर आधी त्याचा उतारा पाहावा. चाळीस वर्षे सेवा करत असल्याचा दावा आणि नावाची नोंदणी तीन आठवड्यांपूर्वीची, असे दिसले तर हात आखडता घ्यावा आणि संस्थेच्या कार्यालयात फोन करून खात्री करावी. तो फोन क्रमांकही त्या संकेतस्थळावरून घेऊ नये. जुन्या पावतीवरून घ्यावा. नाव अक्षरशः वाचावे, कारण ठगाचे सारे भांडवल एका अक्षरात असते. बँकांच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेली नावे घ्यावी लागली. ही नावे हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत केवळ बँकांनाच मिळतात. तेव्हा बँकेचे म्हणून आलेले पान या शेवटाचे नसेल, तर त्यावर आपला क्रमांक किंवा परवलीचा शब्द टाकूच नये. आणि फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तेथे वेळ महत्त्वाचा असतो.

मात्र एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात. पण तेवढ्याने मालकीचा अंतिम निवाडा होत नाही, हे आपल्यापैकी शेती असणारे जाणतात. येथेही तसेच. नोंद जुनी आहे म्हणून धारक सज्जन ठरत नाही. जुनी नावे विकतही मिळतात. नोंद नवी आहे म्हणून तो ठगही ठरत नाही. आपले आजचे नावही काही वर्षांपूर्वीचेच आहे. तपशील झाकलेला आहे म्हणून संशय घेणे तर मुळीच योग्य नाही. उतारा आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतो. उत्तर आपल्यालाच शोधावे लागते.

शेवटी आपल्या विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे काही सूचना ठेवतो. विश्वस्त बदलले की आपण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करतो. त्याच वेळी डोमेन नावाचा उतारा काढून पाहावा आणि त्याची छापील प्रत इतिवृत्ताच्या वहीत लावावी. संस्थेच्या रकान्यात ट्रस्टचे नोंदणीकृत नाव आहे की नाही, ते तपासावे. संपर्काचा ई-मेल कोणा व्यक्तीचा नसावा. ट्रस्टचा असावा आणि तो किमान दोन विश्वस्तांना उघडता यावा. दूरध्वनी क्रमांकही कार्यालयाचा असावा. परवलीचा शब्द लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवावा. नूतनीकरणाची रक्कम वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवावी, म्हणजे हिशेब तपासनीस दरवर्षी त्याबद्दल विचारतील. जी गोष्ट हिशेबात असते ती विसरली जात नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. आणि संकेतस्थळाचे काम ज्या तरुणाकडे सोपवू, त्याच्यावर विश्वास जरूर ठेवावा. पण ट्रस्टच्या नावाचे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नये. तो त्याच्यावरही अन्याय आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांनी जागेचे खरेदीखत स्वतःच्या नावाने केले नाही, ट्रस्टच्या नावाने केले. म्हणून आज ही वास्तू आपल्या सर्वांची आहे. त्यांना जे जमिनीच्या बाबतीत सुचले, ते आपल्याला नावाच्या बाबतीत सुचायला दहा वर्षे आणि एक जुगाराचे पान लागले. पुन्हा तशी वेळ येऊ नये. ही स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी तिच्यावर ट्रस्टचे जे संकेतस्थळ छापले जाणार आहे, त्याचा उतारा मी आज सकाळीच काढला. मुदत अजून चार वर्षांची आहे. संस्थेच्या रकान्यात आपल्या ट्रस्टचे नाव आहे. ती प्रत मी अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.